एमआरआय रिपोर्टातली शेवटची ओळ

माझ्या कमरेचा एमआरआय रिपोर्ट दीड पानाचा आहे. अठ्ठावीस वर्षं कोळशाच्या खाणीत उतरून मला जे झालं नाही, ते या दीड पानाने केलं. त्याने मला सात आठवडे गादीवर पाडून ठेवलं. आज कुणाच्या हातात असाच कागद असेल, त्यावर ‘कॅनल’, ‘फोरामिना’, ‘नॅरोइंग’ असले शब्द असतील आणि घरातले सगळे तोंड पाडून बसले असतील, तर त्याने हे वाचावं. मी डॉक्टर नाही आणि कुणाला औषधही सांगणार नाही. पण असा कागद कसा वाचू नये, याचा माझा अनुभव दांडगा आहे.

आधी माझं काम सांगतो, कारण माझी सगळी फजिती त्यातूनच झाली. वणीकडच्या एका भूमिगत खाणीत मी मायनिंग सरदार आहे. नाव भारदस्त आहे, पण हातात तलवार नसते, काठी असते. माणसं कामाला लागण्याआधी आत जायचं, काठीने वरचं छत ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. छत टणटणीत वाजलं तर माणसं आत सोडायची. आवाज पोकळ आला तर तोंडाशी आडव्या लाकडी बल्ल्या लावून ती जागा बंद करायची. पाळी संपली की हे सगळं रिपोर्टबुकात लिहायचं. आमच्याकडे रिपोर्टात ‘छत खराब’ असं लिहिलेलं असलं की त्यावर चर्चा होत नाही. माणसं बाहेर आणि जागा बंद, एवढंच.

सायकल चालते, माणूस चालत नाही

गेल्याच्या मागच्या दसऱ्याला डावा पाय धरला. कुल्ल्यापासून मांडीच्या बाहेरून, नडगीवरून थेट अंगठ्यापर्यंत एक पट्टा पेटायचा. गंमत अशी की खाणीत काही व्हायचं नाही. आमच्या काही जागा इतक्या ठेंगण्या आहेत की तिथे कमरेत वाकूनच चालावं लागतं. तिथे मी तासन्‌तास चालायचो आणि पाय गप्प असायचा. पाळी संपवून वर आलो, ताठ उभा राहिलो आणि क्वार्टरकडे चालू लागलो की दोनशे पावलांत पाय पेट घ्यायचा. मग रस्त्याकडेच्या दगडावर बसायचं. दोन मिनिटं बसलं की पुन्हा सगळं ठीक.

सायकल मात्र कितीही चालवली तरी त्रास नव्हता. त्यामुळे कॉलनीत माझी चांगलीच बदनामी झाली. शेजारच्या क्वार्टरमधले एकजण सगळ्यांसमोर म्हणाले, “सरदार, सायकलवर तं घोड्यावानी जाता, अन् किराण्याच्या दुकानापर्यंत चालता येत नाई म्हनता!”

मी त्यांना काय सांगणार? मलाच माझं पटत नव्हतं. मी आजारी आहे की कामचुकार झालोय, असं मनात यायचं. अठ्ठावीस वर्षांत कामचुकार हा शब्द माझ्या वाऱ्याला उभा राहिला नव्हता, त्यामुळे ते पायापेक्षा जास्त लागायचं.

कागद मिळाला तो दिवस

दिवाळीनंतर चंद्रपूरला जाऊन एमआरआय केला. सोबत मुलगी होती, अस्मिता. ती बी.एस्सी. झाली आहे आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. मशीन चालवणाऱ्या माणसाने विचारलं, “बंद जागेची भीती वाटते का?” मला हसू आलं. त्या नळीत मी सवयीने डोक्यावरचं छत न्याहाळत पडलो होतो. आवाज भरपूर होता, पण जागा पक्की होती.

रिपोर्ट घेऊन एका मोठ्या खासगी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली, कागदावर नजर फिरवली आणि म्हणाले, “नळी अरुंद झाली आहे. डावीकडची नस दबते आहे. ऑपरेशनचं बघावं लागेल. तोवर जपा.” पुढचा पेशंट दारात उभाच होता. आम्ही बाहेर आलो.

बसमध्ये मी स्वतः कागद वाचायला घेतला. सरदारकीची परीक्षा दिलेला माणूस आहे, कामापुरतं इंग्रजी येतं. चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये स्पायनल कॅनल स्टेनोसिस, मॉडरेट. त्याच्या खाली, पाचव्या मणक्याशी डावीकडच्या न्यूरल फोरामिनाचं नॅरोइंग, सिव्हिअर. खाणीतला रस्ता अरुंद व्हायला लागला, छत आणि जमीन जवळ यायला लागली, तर त्याचा अर्थ मला पक्का ठाऊक होता. आणि वर ‘सिव्हिअर’ लिहिलेलं. असा रिपोर्ट माझ्या बुकात कुणी लिहिला असता, तर मी एक माणूस आत जाऊ दिला नसता.

अस्मिता मोबाइलवर एकेक शब्द शोधत होती. मध्येच तिने मोबाइल बंद करून पर्समध्ये टाकला आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी विचारलं, “काय निघालं?”

“काई नाई बाबा. नेटवर्क नाई.”

आमच्या त्या रस्त्यावर नेटवर्क चांगलं असतं.

आडव्या बल्ल्या

घरी आलो आणि मी स्वतःला बंद केलं. रीतसर. बैठकीतला पलंग भिंतीला लावून घेतला आणि पडलो. कूस बदलायची तर बायकोला हाक मारायची. चहा पडल्या पडल्या, जेवण पाठीला उशा लावून. डॉक्टरांनी फक्त ‘जपा’ म्हटलं होतं. त्या एका शब्दावर बाकीची सगळी इमारत मी माझ्या मनाने उभी केली. मला वाटायचं, आपण वाकलो, उठलो, शिंकलो तरी आतलं काहीतरी खाली बसेल आणि दोन्ही पाय कायमचे जातील.

भीती कशी असते ते सांगतो. आठ माणसं छताखाली असताना आवाज बदलला तर भीती वाटते, पण तेव्हा हातपाय चालतात. ओरडायचं, माणसं काढायची, शेवटी आपण निघायचं. इथे काढायला कुणी नव्हतंच. छत मी आणि माणूसही मीच. मी पहिल्यांदा आयुष्यात इतका घाबरलो आणि ते कुणाला सांगितलं नाही. वरून सगळ्यांवर खेकसत राहिलो. भाजीत मीठ जास्त, पंखा जोरात, टीव्हीचा आवाज मोठा.

शोभा, माझी बायको, एका शब्दाने उलट बोलली नाही. हेच मला खटकायला हवं होतं, कारण एरवी ती माझं एकही वाक्य उधार ठेवत नाही. रविवारी विहारात वंदनेला जायची तेवढाच तिला मोकळा श्वास. परत आली की पुन्हा माझ्या पायाला तेल, माझ्या पाठीला शेक.

सातव्या आठवड्यात लुंगी बदलताना माझी नजर माझ्याच मांड्यांकडे गेली. त्या माझ्या वाटत नव्हत्या. दंडाएवढ्या बारीक झाल्या होत्या.

दिलीपचा सल्ला

त्याच आठवड्यात राळेगावहून शोभाचा भाऊ दिलीप आला. कापूस-सोयाबीनचं शेत सांभाळणारा, व्यवहारी आणि मनाने चांगला माणूस. त्याने रिपोर्ट हातात घेतला, इंग्रजी येत नसताना दोन्ही पानं उलटून पाहिली आणि म्हणाला, “भाऊजी, अठ्ठावीस वर्सं झाली, आता बास करा. असा रिपोर्ट आला का कोनी नाई म्हनत नाई. बोर्डात जाऊन अनफिट करून घ्या. अस्मिताले नोकरी लागून जाईन.”

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे कामगार डॉक्टरांच्या बोर्डात कायमचा अनफिट ठरला, तर घरातल्या एकाला नोकरी मिळायची वाट निघू शकते. नियम पुष्कळ आहेत, अडचणी त्याहून जास्त, पण कॉलनीतल्या प्रत्येक घरात ही आशा जिवंत असते. म्हणजे ज्या कागदाने मला पाडलं होतं तोच कागद आता घराच्या कामी येणार होता. मी फक्त पडून राहायचं होतं.

“मी मेलो नाई अजून,” मी म्हणालो.

“मरायची गोष्ट कोन करून राह्यलं? तुमी आरामात राहा. बोर्डापुढं जाताना काठी घेऊन जा म्हंजे झालं.”

अस्मिता आतल्या खोलीत अभ्यास करत होती. ती पुस्तक हातात घेऊनच दारात आली. “मामा, माह्यासाठी बाबाले अपंग करू नका. मी परीक्षा पास होईन नाई तं नाई होईन, ते माहं मी पाहीन.”

“तू चूप बस वं, तुले काय समजते?” दिलीप म्हणाला.

आणि मी, जो सात आठवडे मीठ आणि पंखा यांपलीकडे काही बोललो नव्हतो, तो उशांवरून ओरडलो की माझ्या घरात माझ्या पोरीला कुणी चूप बस म्हणायचं नाही. मग शोभाकडे वळून म्हणालो, “अन् तू काहून गप हायेस? तुलेबी पोरीच्या नोकरीचंच पडलं हाये का?”

हे मी बोलायला नको होतं. तिच्या हातात तेलाची वाटी होती. ती तिने खिडकीत ठेवली.

“पोरीच्या नोकरीचं?” ती म्हणाली. “अठ्ठावीस वर्सं झाली जी. तुमच्या सायकलीची घंटी आइकू आल्याबिगर मी गॅसवर तवा ठेवला नाई. पोरगी तापानं फणफणून राह्यली तरी माहा अर्धा कान रस्त्यावर. मले नोकरी नाई पायजे, काई नाई पायजे. मले तुमी जमिनीच्या वर पायजे. अनफिट तं अनफिट.”

दिलीप दुपारच्या एसटीने परत गेला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. ती इतकी वर्षं घाबरत होती आणि मी ते गृहीत धरून सायकलवरून घंटी वाजवत येत होतो, याची लाज वाटली. आणि तरी, खरं सांगायचं तर, मला तिचंही ऐकायचं नव्हतं. थकलो म्हणून मी वर येईन. साठीला निवृत्त होऊन हार घालून घेत येईन. पण एका कागदाने ढकलून दिलं म्हणून येणार नाही, हे माझं मला ठरलेलं होतं. फक्त उठायची हिंमत नव्हती.

चाचांचा प्रश्न

रहमतचाचा आमच्या खाणीतले जुने टिंबर मिस्त्री. छताखाली लाकडी टेकू लावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. नवा असताना छताचा आवाज ओळखायला मला त्यांनीच शिकवलं. आता निवृत्त आहेत. दर दोन दिवसांनी यायचे, कधी उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेऊन, कधी नुसतेच. शेंगा सोलत बसायचे, खाणीतल्या गप्पा सांगायचे, आजाराबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. त्या दिवसांतलं मला आवडलेलं माणूस तेवढं एकच.

दिलीप गेल्यावर दुसऱ्या दिवशी आले. मी त्यांना सगळा रिपोर्ट मराठीत करून वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि हातातली शेंग खाली ठेवली.

“सरदार, एक सांग. त्या डॉक्टरनं तुले ठोकून पाह्यलं का?”

“म्हंजे?”

“म्हंजे हात लावला का आंगाले? पाय उचलून पाह्यला? चाल म्हनला?”

“नाई. फिल्म पाह्यली, कागद पाह्यला.”

“मंग? तू कधी हापिसात बसून छत पास केलं का?”

ते उरलेल्या शेंगा संपवून गेले. मी शोभाला हाक मारली आणि म्हणालो, उद्या यवतमाळला जायचं, सरकारी दवाखान्यात.

ठोकून पाहणारी डॉक्टर

वणी-मारेगाव-करंजी-यवतमाळ हा रस्ता मला पाठ आहे, पण त्या दिवशी प्रत्येक खड्ड्याला मी डोळे मिटून पाय जाण्याची वाट पाहिली. पाय गेले नाहीत. कंडक्टरने न सांगता मला पुढची सीट दिली आणि करंजीला बस थांबली तेव्हा स्वतः पाण्याची बाटली भरून आणली. त्या माणसाचं नावही मला माहीत नाही.

दवाखान्यात केसपेपरची रांग, मग हाडांच्या विभागाची रांग. आत अस्मिताहून चार-सहा वर्षांनी मोठी असेल अशी डॉक्टर. मी रिपोर्ट पुढे केला. तिने तो घेतला, न वाचता टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, “काका, आधी तुम्ही सांगा.”

मी सायकलचं सांगितलं. खाणीत वाकून चाललं की बरं वाटतं आणि वर ताठ चाललं की पाय पेटतो, हे सांगितलं. ती हसली. “अर्धं निदान तुम्हीच करून आणलंत.” मग तिने मला टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं. पायाचा अंगठा दाबून धरला आणि वर उचला म्हणाली. गुडघ्यावर हातोडी मारली, कापूस पायावरून फिरवून पाहिला. लघवी-संडासला काही त्रास आहे का, बसायची जागा सुन्न पडते का, हे तिने दोनदा विचारलं. वीस मिनिटं गेली. बाहेर रांग ओरडत होती आणि ती माझ्या पोटऱ्या टेपने मोजत होती.

मग तिने रिपोर्ट सुलटा केला. “तुम्ही वाचलाय?”

“पाठ हाये.”

“शेवटची ओळ म्हणा.”

मला येईना. आमच्या रिपोर्टबुकात धोक्याची गोष्ट वर असते आणि शेवटी फक्त सही आणि वेळ असते. त्यामुळे शेवटची ओळ वाचायची मला सवयच नव्हती. तिने बोट ठेवलं. इंग्रजीत छोटी ओळ होती. तिचा अर्थ असा होता की या निष्कर्षांचा मेळ रुग्णाच्या प्रत्यक्ष तपासणीशी घालावा.

“म्हणजे हा कागद स्वतःच सांगतोय की माझ्यावर एकट्यावर विसंबू नका,” ती म्हणाली. “किती दिवस पडून आहात?”

“सात हप्ते. कागदावर सिव्हिअर लिहिलं होतं ना. आमच्याकडं असं लिहिलं का जागा बंद करा लागते.”

तिने विचारलं, “तुमच्या खाणीत ठेंगण्या, अरुंद जागा आहेत म्हणालात. त्या सगळ्या बंद करता?”

“कायले? तीस-तीस वर्सं उभ्या हायेत त्या. वाकून जा लागते, बस.”

“मग बंद कधी करता?”

“छत हलायले लागलं का. आवाज बदलला, नवी चीर पडली, माती गळून राह्यली, तवा.”

ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. अठ्ठावीस वर्षं मी लोकांना हेच शिकवत आलो आणि स्वतःच्या पाठीशी आल्यावर विसरलो. अरुंद जागा वेगळी आणि हलणारी जागा वेगळी.

“तुमच्यासाठी हलणं म्हणजे काय ते ऐका,” ती म्हणाली. “पाऊल लोंबायला लागलं, पायातली ताकद गेली, लघवी-संडासचा ताबा गेला, बसायची जागा सुन्न झाली, तर एक दिवस घरी थांबायचं नाही. थेट इथे. तेव्हा ऑपरेशनला मीही नाही म्हणणार नाही. आज यातलं काही नाही. अंगठा थोडा कमजोर आहे, ते मी लिहून ठेवते. आणि काका, नस बाहेर पडते ती खिडकी फक्त डावीकडे अरुंद आहे ना? मग उजवा पाय एवढा बारीक का झाला?”

“पडून राहून,” मागून शोभा म्हणाली.

शब्दांचे अर्थ, मला कळले तसे

पाठीचा कणा म्हणजे एकावर एक मणके. त्यांच्या आतून वरपासून खालपर्यंत एक नळी जाते, ती स्पायनल कॅनल. तिच्यातून नसांचा जुडगा खाली उतरतो. दर दोन मणक्यांच्या मध्ये डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी भोकं असतात. त्या खिडक्या म्हणजे न्यूरल फोरामिना. प्रत्येक खिडकीतून एक नस बाहेर पडते आणि आपापल्या वाटेने जाते. स्टेनोसिस काय, नॅरोइंग काय, दोन्हींचा अर्थ अरुंद होणं. मधली नळी अरुंद झाली तर उभं राहिल्यावर, चालल्यावर पाय भरून येतात, आणि बसलं किंवा पुढे वाकलं की नळीत थोडी जागा होते आणि बरं वाटतं. माझ्या सायकलीचं गुपित हेच. शेजाऱ्यांना मी हे नंतर सविस्तर आणि मोठ्या आवाजात समजावून सांगितलं. बाजूची एक खिडकी अरुंद झाली तर तिच्यातून निघणाऱ्या नसेच्या वाटेवर दुखतं. माझ्या पायातला पट्टा तो.

‘डिजनरेटिव्ह’ वाचून घाबरू नका. वयाने झिजलेलं, एवढाच अर्थ. माझे केस पिकले तेव्हा कुणी रिपोर्ट दिला नव्हता. ‘अबटिंग’ म्हणजे नसेला टेकलेलं, ‘कॉम्प्रेसिंग’ म्हणजे दाबणारं, आणि दोन्हींत फरक आहे. ‘माइल्ड’, ‘मॉडरेट’, ‘सिव्हिअर’ हे चित्राचं वर्णन आहे. डॉक्टर म्हणाली, चित्र सिव्हिअर असून नाचणारी माणसं तिने पाहिलीत आणि माइल्ड असून रडणारीही. आपण यातले कोण, हे तपासल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे डॉक्टरांनी अंगाला हात लावला नसेल तर मान खाली घालून बाहेर येऊ नका. खुर्चीत बसून राहा आणि तपासा म्हणा. ते रागावले तर रागावू द्या.

खांब

पुढचे महिने सांगण्यासारखे नाहीत, कारण ते रोज सारखेच होते. सतरंजीवर पडून गुडघे छातीशी घ्यायचे. कंबर उचलायची, धरायची, सोडायची. सकाळी सायकल हातात धरून, हँडलवर थोडं ओणवून चालायचं. आमच्या क्वार्टरपासून खाणीच्या तोंडापर्यंत विजेचे अडतीस खांब आहेत. पहिल्या दिवशी मी तीन खांब गेलो आणि नालीच्या कठड्यावर बसून चक्क रडलो. दुखलं म्हणून नव्हे. मांड्या थरथरत होत्या आणि त्या मी स्वतःच्या हाताने वाळवल्या होत्या, म्हणून.

फेब्रुवारीत नऊ खांब. मग एक आठवडा असा वाईट गेला की पुन्हा चारवर आलो आणि घरातल्या सगळ्यांशी भांडलो. वणीचा उन्हाळा बाहेरच्याला सोसत नाही, म्हणून पहाटे उठायचो. रहमतचाचा कधी सोबत यायचे. मी थांबलो की ते पुढे जाऊन खांबाला टेकून उभे राहायचे आणि म्हणायचे, “बसला का? बैस बैस. खांब कुठं पळून नाई जाऊन राह्यला.” एवढ्यावर मी चिडून उठायचो.

शोभा कधी सोबत आली नाही. पण मी किती खांब गेलो ते तिला रोज माहीत असायचं. ते तिला कोण सांगायचं, मला आजवर कळलेलं नाही.

ऑगस्टच्या मध्यावर मी अडतिसाव्या खांबाला हात लावला. मध्ये दोनदा बसलो होतो. पाय अजून कधी कधी पेटतो. आजही पेटतो. मी वाकतो, दोन मिनिटं थांबतो, पुढे जातो.

बोर्ड

कामावर परत जायचं तर बोर्डापुढे जावं लागतं. त्यासाठी नवा एमआरआय करायला सांगितला. तोही आला. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. कॅनल मॉडरेट, डावा फोरामिना सिव्हिअर. आठ-नऊ महिन्यांच्या घामाची त्या कागदाने नोंदही घेतली नव्हती.

दिलीपचा फोन आला. “भाऊजी, देव पावला! रिपोर्ट तसाच हाये. बोर्डात नुसते गप उभे राहा.” अस्मिताने फोन माझ्या हातातून घेऊन बंद केला. बोर्डाच्या दिवशी सकाळी शोभाने माझा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला आणि स्वतःही निघाली.

आत टेबलामागे तीन डॉक्टर होते. मधल्यांनी दोन्ही रिपोर्ट पाहिले.

“हा तर पहिल्यासारखाच आहे.”

“हो साहेब. अक्षर न् अक्षर.”

“मग तुम्हाला फिट कसं म्हणायचं? लोक इथे अनफिट करा म्हणून येतात.”

“साहेब, शेवटची ओळ वाचा.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज चढला होता, मला कळत होतं. पण त्यांनी ओळ वाचली. मग शेजारच्या डॉक्टरांना म्हणाले, “बघा यांना.”

टाचांवर चाललो. चवड्यांवर चाललो. उकिडवा बसलो आणि हात न टेकता उठलो. त्यांनी दाबून धरलेला अंगठा वर उचलला. पायऱ्या चढायला लावल्या, उतरायला लावल्या. मग ओणवं करून त्या खोलीत येरझाऱ्या घालायला लावल्या. तिथे मात्र मी त्यांना थकवलं. अठ्ठावीस वर्षांचा सराव आहे.

“उद्या आत असताना काही झालं तर?” मधल्यांनी विचारलं.

“काय झालं का थांबायचं ते मले माहीत हाये साहेब. तसं झालं तं मीच जागा बंद करीन. माहं कामच ते हाये.”

त्यांनी जड उचलायचं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, असं लिहिलं. वर ‘फिट’ लिहिलं. मी कागद घेतला आणि या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत तिथेच उभा राहून वाचला.

बाहेर बाकावर शोभा पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. माझ्या तोंडाकडे पाहूनच तिला कळलं. मी शेजारी बसलो. मला खूप काही बोलायचं होतं. तुझं ऐकलं नाही म्हणायचं होतं, दोन-चार वर्षांत निवृत्त होऊन कायमचा वर येतो म्हणायचं होतं. तिने मला बोलू दिलं नाही.

“कोनती पाळी?”

“पयली. उद्यापासून.”

ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडे चालू लागली. माझ्यासाठी हळू चालायची सवय तिला लागली होती. या वेळी ती हळू चालली नाही. दारापाशी थांबली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “पाच वाजता डबा तयार राहीन. पन छत दोनदा ठोकून पाहा.”